पोटविकार संशोधकाचं पब्लिकेशन रेकॉर्ड कसं वाचायचं: एच-इंडेक्सच्या आत शिरायची पद्धत

"एच-इंडेक्स ४२ आहे, म्हणजे माणूस मोठाच असणार ना?" असा मेसेज आणि खाली गूगल स्कॉलरची लिंक, हे मला महिन्यातून तीन-चार वेळा तरी येतं. निवड समित्या, ग्रँटची छाननी, पुरस्काराची नामांकनं अशा कामांसाठी संशोधकांच्या प्रकाशनांचं टिपण काढून देणं हे माझं रोजचं काम, आणि त्यातल्या बऱ्याच फायली पोटाच्या नि लिव्हरच्या डॉक्टरांच्या असतात, म्हणून गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजीतल्या खाचाखोचा जरा जास्त माहीत झाल्यात. एच-इंडेक्स ४२ म्हणजे ४२ पेपर असे की प्रत्येकाचा दुसऱ्यांनी निदान ४२ वेळा उल्लेख (सायटेशन) केलाय. माझं उत्तर ठरलेलं असतं, हे ४२ आले कुठून ते आधी बघू मग बोलू. कारण तोच आकडा दोन अगदी वेगळ्या माणसांचा असू शकतो, एकाने वीस वर्षं एकच प्रश्न धरून ठेवलेला आणि दुसऱ्याचं नाव मोठ्या ट्रायलच्या साठ लेखकांत चौतिसावं. खाली सगळी पद्धत लिहितोय. पहिल्या फायलीला अख्खा दिवस जाईल, हात बसला की तीन-चार तासांत उरकतं.

कशासाठी बघताय ते ठरवा

हे वाटतं तितकं फालतू नाही. पीएचडीला किंवा फेलोशिपला गाइड शोधत असाल तर शेवटच्या पाच वर्षांचे पेपर बघा आणि त्यात विद्यार्थी फर्स्ट ऑथर आहेत का ते बघा, बाकी फार डोकं लावू नका. नोकरी किंवा ग्रँटचा निर्णय असेल तर पूर्ण कारकीर्द लागते. आणि पेशंट म्हणून डॉक्टर निवडायचा असेल तर हा लेख इथेच सोडा, खरंच, कारण सायटेशनवरून कोलोनोस्कोपी कोण चांगली करतो ते कळत नाही, त्यासाठी ॲडेनोमा डिटेक्शन रेट नावाची वेगळी मोजणी असते, म्हणजे किती टक्के तपासण्यांत निदान एक ॲडेनोमा (पुढे कॅन्सर होऊ शकणारी गाठ) सापडला ती, ती विचारा.

नाव पक्कं करा, नाहीतर पुढचं सगळं पाण्यात

सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि मी स्वतः केलेली आहे. एका फायलीत मी स्कोपस या पेपर-सायटेशनच्या डेटाबेसमधलं प्रोफाइल जसंच्या तसं उचललं, १८० पेपर, टिपण छापून समितीपुढे गेलं. बैठकीत एका सदस्याने शांतपणे विचारलं, हे पॅनक्रियाटायटिसवाले गृहस्थ काँक्रीटच्या तड्यांवर कधीपासून लिहायला लागले? तेच आडनाव, तीच आद्याक्षरं, आणि सिस्टिमने दोघांना एकत्र बांधून टाकलेलं. ३१ पेपर दुसऱ्याचे निघाले. उलटंही होतं, माणसाने संस्था बदलली, लग्नानंतर आडनाव बदललं, किंवा मधलं आद्याक्षर कधी लिहिलं कधी नाही, की एकाच माणसाची तीन प्रोफाइलं तयार.

म्हणून सुरुवात ऑर्किडपासून करा. २०१२ साली सुरू झालेली ही १६ अंकी ओळख आहे, संशोधक स्वतः भरतो, त्यामुळे अपुरी असू शकते पण दुसऱ्याचे पेपर सहसा घुसत नाहीत. मग पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या शोधयंत्रात आडनाव आणि आद्याक्षरं टाकून शोधा आणि प्रत्येक पेपरवर चार गोष्टी जुळवा: संस्था, विषय, नेहमीचे सहलेखक, साल. चारपैकी दोन तरी जुळल्याशिवाय पेपर आपल्या यादीत घ्यायचा नाही. संशोधकाचा बायोडाटा असेल तर तो समोर ठेवाच, पण तो शेवटचा शब्द मानू नका, बायोडाट्यात "छपाईच्या वाटेवर" असलेले पेपर पाच-पाच वर्षं वाटेवरच असलेले मी बघितलेत.

जुने लोक असतील तर आजारांची आणि जंतूंची जुनी नावंही हाताशी ठेवा. हेलिकोबॅक्टर पायलोरी हे नाव १९८९ मध्ये पडलं, त्याआधीचे पेपर कॅम्पायलोबॅक्टर म्हणून सापडतात. हिपॅटायटिस सी चा विषाणू सापडला तेही १९८९, त्याआधी त्याच आजाराला नॉन-ए नॉन-बी म्हणायचे. प्रायमरी बिलियरी सिऱ्होसिसमधलं सिऱ्होसिस २०१५ मध्ये जाऊन तिथे कोलँजायटिस आलं, आणि फॅटी लिव्हरचं एनएएफएलडी २०२३ मध्ये एमएएसएलडी झालं. विषय टाकून शोधणाऱ्याला अर्धी कारकीर्द सापडतच नाही आणि मग तो म्हणतो, यांचं या विषयात काम दिसत नाही.

तीन ठिकाणचे तीन आकडे

आता सायटेशन कुठून घ्यायचे. पबमेड शोधायला उत्तम आणि फुकट, पण सायटेशन मोजायला ते बनलेलं नाही. मोजायला मुख्य तीन जागा आहेत: वेब ऑफ सायन्स, स्कोपस आणि गूगल स्कॉलर. पहिल्याची मुळं युजीन गारफिल्ड यांच्या सायन्स सायटेशन इंडेक्समध्ये आहेत, तो १९६४ चा, बाकी दोन्ही २००४ मध्ये आले. एकाच माणसाचा एच-इंडेक्स तिन्हीकडे वेगळा येतो आणि स्कॉलरचा जवळपास नेहमीच सगळ्यात जास्त असतो, कारण तिथे प्रीप्रिंट (तपासणीआधीच टाकलेले मसुदे), प्रबंध, पुस्तकातली प्रकरणं, कॉन्फरन्सचे ॲब्स्ट्रॅक्ट (सारांश), कुठल्यातरी वेबसाइटवर टाकलेली पीडीएफ, सगळं मोजलं जातं. यात चूक कुणाचीच नाही, जाळं जितकं बारीक तितके मासे जास्त. चूक तेव्हा होते जेव्हा एका उमेदवाराचा आकडा स्कॉलरचा आणि दुसऱ्याचा वेब ऑफ सायन्सचा घेऊन कोण पुढे ते ठरवतात. हे होतं, आणि भरपूर होतं.

एक जागा निवडा, सगळ्यांना तीच लावा, आणि कागदावर जागेचं नाव आणि तारीख दोन्ही लिहा. वर्गणी भरून घेतलेलं स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स मिळत असेल तर तेच घ्या. मिळत नसेल तर स्कॉलर चालेल, पण प्रोफाइलमधला पेपर न् पेपर डोळ्यांखालून घाला, तिथे "नवीन लेख आपोआप जोडा" अशी सोय आहे आणि लोक ती चालू करून विसरून जातात.

सगळं एक्सेलमध्ये उतरवा. एका ओळीत एक पेपर, आणि कॉलम असे: साल, शीर्षक, जर्नल, पेपरचा प्रकार, एकूण लेखक किती, आपला माणूस कितवा, करस्पॉन्डिंग (पत्रव्यवहाराचा लेखक) आहे का, सायटेशन किती, आणि शेवटी एक मोकळा कॉलम "शेरा" म्हणून. हा शेरा कॉलमच पुढे सगळ्यात जास्त कामाला येतो.

पेपरचा प्रकार: गॅस्ट्रोत इथेच फुगवटा असतो

"३०० प्रकाशनं" असं ऐकलं की मी आधी सप्लिमेंट, म्हणजे जर्नलचे जोडअंक, शोधतो. दरवर्षी डायजेस्टिव्ह डिसीज वीक नावाचं मोठं अधिवेशन भरतं आणि त्यातले ॲब्स्ट्रॅक्ट गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजी या जर्नलच्या सप्लिमेंटमध्ये छापले जातात. गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजी हे १९४३ पासूनचं, या क्षेत्रातलं पहिल्या रांगेतलं जर्नल, त्यामुळे यादीत ते नाव दिसलं की वाचणारा सरसावून बसतो. पण पान क्रमांक बघा, आधी एस हे अक्षर लागलेलं असेल आणि सगळा मजकूर एका पानात संपत असेल तर तो ॲब्स्ट्रॅक्ट आहे, पूर्ण पेपर नाही. ॲब्स्ट्रॅक्टमध्ये वाईट काही नाही, नवीन काम आधी तिथेच दिसतं, फक्त त्याचं पिअर रिव्ह्यू, म्हणजे दुसऱ्या तज्ज्ञांनी केलेली तपासणी, पूर्ण पेपरइतकं कडक नसतं आणि त्यातले कित्येक पुढे पूर्ण पेपर होतच नाहीत. मी ते वेगळ्या शीटवर टाकतो आणि मूळ संख्येतून वजा करतो. एकदा २६० चे ९४ झाले होते. ९४ हा आकडाही चांगलाच होता, उगाच लाज आणली माणसाने स्वतःला.

मग उरलेल्यांना प्रकार लावा. ओरिजिनल रिसर्च, रॅन्डमाइज्ड ट्रायल, मेटा-ॲनालिसिस, रिव्ह्यू, गाइडलाइन, केस रिपोर्ट, संपादकाला पत्र. एन्डोस्कोपीवाल्यांच्या यादीत फोटोचे पेपर खूप असतात, एक विचित्र चित्र आणि दोनशे शब्द, वाचायला मजा येते पण त्याला पेपर म्हणून त्याच तागडीत तोलायचं नाही.

गाइडलाइन आणि रिव्ह्यूंबद्दल जरा थांबून सांगतो कारण सायटेशनचा डोंगर तिथे असतो. कुठलाही डॉक्टर पेपर लिहिताना पहिल्या परिच्छेदात "हा आजार वाढतोय, उपचार असे असे आहेत" असं लिहितो आणि तिथे एक गाइडलाइन किंवा एक रिव्ह्यू चिकटवतो. त्यामुळे चांगल्या रिव्ह्यूला मेहनतीच्या ट्रायलपेक्षा जास्त सायटेशन मिळणं हे रोजचं आहे. गाइडलाइनच्या समितीवर घेतलं जाणं हा मान आहेच, क्षेत्रातले लोक तुम्हाला ओळखतात असा त्याचा अर्थ, पण त्या सायटेशनवरून तुमच्या प्रयोगशाळेत काय शोध लागला ते कळत नाही. म्हणून मी प्रत्येकाचे दोन आकडे काढतो, सगळं धरून एक आणि रिव्ह्यू-गाइडलाइन वगळून एक. दोघांत फारसं अंतर नसेल तर छान. निम्म्याच्या खाली आला तर शेऱ्यात तसं लिहायचं, टोमणा न मारता.

कितवं नाव आहे

वैद्यकीय पेपरांत पहिलं नाव ज्याने प्रत्यक्ष घाम गाळला त्याचं आणि शेवटचं नाव ज्याने प्रश्न, पैसा आणि जागा पुरवली त्याचं, असा साधारण रिवाज आहे. मधले लोक म्हणजे कुणी पेशंट दिले, कुणी आकडेमोड केली, कुणी बायोप्सी बघितल्या. मधलं असणं कमीपणाचं नाही, पण कारकीर्द पुढे जाते तसं नाव पहिल्यावरून शेवटच्या जागी सरकायला हवं. पंधरा वर्षं झाली आणि अजून सगळीकडे मधेच, तर हा माणूस स्वतःचं काम चालवतो का असा प्रश्न येतो. पबमेडमध्ये फक्त फर्स्ट ऑथर आणि फक्त लास्ट ऑथर असं वेगवेगळं शोधता येतं, पाच मिनिटांत चित्र स्पष्ट होतं.

तळटीप मात्र वाचा. "पहिल्या दोन लेखकांचं योगदान समान" असं बारीक अक्षरात असतं आणि दुसऱ्या नंबरावर छापलेल्या माणसाचं श्रेय डेटाबेसमध्ये गायब होतं. आणखी एक, मोठ्या बहुकेंद्री अभ्यासांत शंभर-दोनशे नावं शेवटी कोलॅबोरेटर म्हणून असतात. पबमेडवर ती लेखकांच्या खाली वेगळी दिसतात, आणि काही लोक ती आपल्या यादीत लेखक म्हणून मोजतात. लेखक कोण याचे निकष आयसीएमजेईने, म्हणजे वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने, ठरवून दिलेत, चार आहेत आणि चारही पूर्ण व्हायला लागतात: कामाच्या आखणीत, माहिती जमवण्यात किंवा तिच्या विश्लेषणात ठोस वाटा, मसुदा लिहिणं किंवा गंभीरपणे सुधारणं, शेवटच्या रूपाला संमती, आणि कामाची जबाबदारी घेणं. नुसते पेशंट पाठवले म्हणून लेखक होत नाही, कागदावर तरी.

एच-इंडेक्स एकदा हाताने काढाच

२००५ मध्ये जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने ही कल्पना मांडली. पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावायचे आणि वरून मोजत जायचं, जिथपर्यंत सायटेशनचा आकडा क्रमांकाइतका किंवा जास्त आहे तिथपर्यंतचा क्रमांक म्हणजे एच. समजा ११ पेपर आहेत आणि सायटेशन असे: १२०, ६४, ३३, २०, १२, ९, ८, ६, ३, १, ०. सातव्या पेपरला ८ आहेत, चालतंय. आठव्याला ६ आहेत, आठाला पुरत नाहीत. एच झाला ७. एकूण सायटेशन २७६. स्कॉलरवर दिसणारा आय-टेन म्हणजे दहा किंवा जास्त सायटेशनवाले पेपर, ते झाले ५.

आता यात खेळून बघा. वरच्या पेपरचे १२० चे १२०० केले तरी एच ७ च राहतो. म्हणजे आयुष्यात एकच पण जबरदस्त काम केलेला माणूस या मापात दिसतच नाही. आता १२० वाला पेपर गाइडलाइन होता म्हणून काढून टाका, एकूण सायटेशन २७६ वरून १५६ वर आपटतात पण एच फक्त ६ होतो. दोन्ही आकडे खरेच, फक्त दोघं वेगवेगळ्या गोष्टी सांगतात, आणि म्हणून मी कधीच एकटा एच देत नाही. शिवाय एच कधी कमी होत नाही, माणूस निवृत्त झाला तरी वाढतच राहतो, त्यामुळे वय लपून राहतं. त्यावर साधा उपाय हर्शनेच सुचवलाय, एच ला पहिल्या पेपरपासूनच्या वर्षांनी भागायचं. २० वर्षांत ४० म्हणजे २, आणि ८ वर्षांत २० म्हणजे अडीच. बाळंतपणाची रजा किंवा आजारपणात गेलेली वर्षं वजा करायची असतात, ते संगणक करत नाही, तुम्हाला विचारून करावं लागतं.

तुलना कुणाशी

गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजी हे एक घर दिसतं पण आत खोल्या वेगळ्या आहेत. फॅटी लिव्हर, क्रोन्स-कोलायटिस, आतड्यातले जंतू, इथे जगभर प्रचंड लोक लिहितात म्हणून सायटेशन धो धो येतात. पॅनक्रियाजचा दुर्मिळ आजार किंवा लहान मुलांमधल्या अन्ननलिकेची हालचाल असा विषय असेल तर वाचणारेच थोडे. दोघांचा एच शेजारी ठेवणं म्हणजे भरलेल्या बाजारातलं दुकान आणि गल्लीतलं दुकान यांचा गल्ला तोलण्यासारखं. विषयाचं नशीबही फिरतं. २०१३ च्या शेवटी सोफोस्बुव्हिर आलं आणि हिपॅटायटिस सी गोळ्यांनी बरा व्हायला लागला. इंटरफेरॉनचा डोस, त्याचे साइड इफेक्ट, कोणता पेशंट दाद देईल, यावर ज्यांनी उभी कारकीर्द घातली त्यांच्या पेपरांची गरजच संपली. त्यांचा सायटेशनचा आलेख खाली येतो याचा अर्थ ते कामचुकार झाले असा नाही, आजारच हरला.

म्हणून विषय आणि वर्षानुसार जुळवून घेतलेली मापं वापरा. स्कोपसमध्ये एफडब्ल्यूसीआय (फील्ड-वेटेड सायटेशन इम्पॅक्ट) मिळतो, त्याच विषयातल्या, त्याच वर्षीच्या, त्याच प्रकारच्या पेपरांची जगभरची सरासरी म्हणजे १, मग १.८ म्हणजे सरासरीहून ८० टक्के जास्त. दुसरं माप आरसीआर (रिलेटिव्ह सायटेशन रेशो), अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या आयसाइट या फुकट साइटवर मिळतं, पबमेड नंबरांची यादी टाकली की झालं. तिथे १ म्हणजे एनआयएचच्या पैशांवर झालेल्या पेपरांचा मध्य. दोन्हींत एक धोका आहे, पेपर थोडे असतील तर एकच गाजलेला पेपर सगळी सरासरी वर ओढतो, आणि गेल्या एक-दोन वर्षांतले पेपर अजून कच्चे असतात. १५ पेपरवाल्या तरुणाला एफडब्ल्यूसीआयवरून डावलू नका आणि डोक्यावरही घेऊ नका.

वरचे पाच पेपर उघडा आणि कशासाठी उल्लेख झालाय ते वाचा

बाकी सगळं घाईत केलंत तरी चालेल, हे मात्र घाईत करू नका. सर्वात जास्त सायटेशनवाले पाच पेपर घ्या, प्रत्येकाचा उल्लेख करणारे दहा-बारा लेख उघडा आणि ते वाक्य शोधा ज्यात आपला पेपर आलाय. अर्ध्या तासात कळतं की लोकांनी तो पद्धत म्हणून वापरलाय, निष्कर्षावर पुढे काम केलंय, की प्रस्तावनेत पाच जणांच्या रांगेत उभा केलाय.

हे का करायचं त्याचं सगळ्यात कडवट उदाहरण आपल्याच क्षेत्रातलं आहे. १९९८ मध्ये लॅन्सेटमध्ये अँड्र्यू वेकफिल्ड आणि सहकाऱ्यांचा १२ मुलांवरचा पेपर आला, आतड्याची सूज आणि ऑटिझम, आणि त्यावरून गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीवर संशय. २००४ मध्ये बहुतेक सहलेखकांनी त्या अर्थ लावण्यातून अंग काढून घेतलं, २०१० मध्ये लॅन्सेटने पेपरच मागे घेतला. त्याला सायटेशन भरमसाट आहेत. उघडून वाचा, त्यातले बहुतेक "हे चुकीचं ठरलं" असं सांगायला केलेले आहेत. मोजणाऱ्या यंत्राला शिवी आणि शाबासकी यातला फरक कळत नाही.

दुसरा प्रकार मोजपट्टीचा. क्रोन्सची तीव्रता मोजणारा सीडीएआय १९७६ चा, अल्सरेटिव्ह कोलायटिसचा मेयो स्कोअर १९८७ च्या एका ट्रायलमधून आलेला, लिव्हर फायब्रोसिसचा फिब-फोर २००६ चा. असा स्कोअर वापरला की मूळ पेपरचं नाव टाकावंच लागतं, म्हणून यांचे सायटेशन दशकानुदशकं येत राहतात. हे खरं योगदान आहे, माझ्या मते तर शंभर किरकोळ पेपरांपेक्षा भारी. मेल्ड स्कोअर बघा, आधी तो टिप्स नावाच्या (लिव्हरमधून रक्ताला वाट काढून देणाऱ्या) प्रोसिजरनंतर कोण जगेल हे सांगायला बनवला होता, २००१ मध्ये त्याचा वापर सगळ्या जुनाट लिव्हर पेशंटसाठी दाखवला गेला आणि २००२ पासून अमेरिकेत लिव्हर ट्रान्सप्लांटच्या यादीत कोण वर हे त्याने ठरायला लागलं. हे शेऱ्यात लिहायचं असतं. याच्या अगदी उलट ब्रिस्टल स्टूल चार्ट, शौचाचे सात प्रकार दाखवणारी ती चित्रं. १९९७ चा त्यावरचा पेपर सगळे वापरतात, वॉर्डात भिंतीवर लावतात, नर्सपासून पेशंटपर्यंत "टाइप फोर" म्हणतात, पण रोजच्या वापरात संदर्भ कोण देतो? इतकं पचनी पडलेलं काम सायटेशनच्या मापातून निसटतं.

आणि उशीर. मार्शल आणि वॉरेन यांनी १०० पेशंटच्या बायोप्सी तपासून पोटातल्या वाकड्या जंतूंचा पेपर १९८४ मध्ये लॅन्सेटमध्ये छापला. त्याच्या आदल्या वर्षी मार्शल यांचा ॲब्स्ट्रॅक्ट ऑस्ट्रेलियातल्या गॅस्ट्रोच्या सोसायटीने नाकारला होता. नोबेल मिळालं २००५ मध्ये. १९८६ साली कुणी त्यांचं टिपण काढलं असतं तर काय लिहिलं असतं, हे मी नवीन माणसाला शिकवताना नेहमी विचारतो.

जर्नल: थोडक्यात

इम्पॅक्ट फॅक्टर जर्नलचा असतो, पेपरचा नाही आणि माणसाचा तर नाहीच. २०२४ चा आकडा म्हणजे २०२२ आणि २०२३ मध्ये छापलेल्या मजकुराला २०२४ मध्ये मिळालेले सायटेशन, भागिले त्या दोन वर्षांतले लेख आणि रिव्ह्यू. गंमत अशी की वरच्या आकड्यात पत्रं-संपादकीयांचे सायटेशनही येतात, खाली मात्र ती मोजत नाहीत. 'गट' (Gut) नावाचं जर्नल, गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजी, जर्नल ऑफ हिपॅटॉलॉजी, लॅन्सेटचं २०१६ पासूनचं गॅस्ट्रोचं भावंड, इथे पेपर लागणं अवघड आहे हे खरं, पण तिथेही कित्येक पेपर कुणी फारसे उचलत नाहीत. पेपरचे स्वतःचे सायटेशन समोर असताना जर्नलचा आकडा कशाला लावायचा? २०१३ च्या डोरा जाहीरनाम्याचं म्हणणं नेमकं हेच आहे. जर्नलचा आकडा मी फक्त अगदी ताज्या पेपरांसाठी बघतो.

पैसे घेऊन काहीही छापणारी जर्नलं ओळखायची असतील तर नावावर जाऊ नका, नामवंत जर्नलसारखंच नाव ठेवणं ही त्यांची जुनी युक्ती आहे. "पबमेडवर आहे" हाही पुरावा नाही, कारण पबमेड सेंट्रलमध्ये जमा झालेला पेपर पबमेडवर दिसतो. जर्नल मेडलाइन या निवडक जर्नलांच्या यादीत आहे का ते एनएलएमच्या (अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या) कॅटलॉगमध्ये तपासा, ओपन ॲक्सेस (फुकट वाचता येणारं) असेल तर डीओएजे या तशा जर्नलांच्या यादीत.

खटकणाऱ्या जागा

स्वतःचे सायटेशन वगळून आकडा काढा, स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स दोन्हीत सोय आहे. थोडं स्वतःचं येणारच, एकाच विषयावर वीस वर्षं काम केलं तर मागचा धागा सांगावाच लागतो. पण वगळल्यावर एच कोसळला तर यादी उघडा. मग रिट्रॅक्शन वॉचचा मागे घेतलेल्या पेपरांचा डेटाबेस, २०२३ पासून तो क्रॉसरेफ या संस्थेकडे आहे आणि सगळ्यांना खुला. नाव सापडलं तर घाबरून पुढे जाऊ नका, नोटीस पूर्ण वाचा, कारण आपली चूक आपणच शोधून पेपर मागे घेणारे प्रामाणिक लोकही त्यातच असतात. पबपीअर या पेपरांवर चर्चा चालणाऱ्या साइटवर बायोप्सीच्या किंवा वेस्टर्न ब्लॉटच्या चित्रांबद्दल शंका असतील तर लेखकाने उत्तर दिलंय का ते बघा. आणि वर्षाला ६० पेपर असतील तर साधा हिशोब करा, सहा दिवसांना एक.

"जगातल्या टॉप दोन टक्क्यांत" हे आजकाल प्रत्येक बायोडाट्यात असतं. स्टॅनफर्डची यादी म्हणून ती ओळखली जाते, जॉन आयोनिडिस आणि सहकाऱ्यांनी स्कोपसच्या डेटावर बनवलेली. त्यात दोन वेगळे तक्ते आहेत, पूर्ण कारकिर्दीचा आणि एका वर्षाचा, कोणता ते विचारा कारण बायोडाट्यात ते कधीच नसतं. तक्ता उतरवून घ्या, त्यात गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजी आणि हिपॅटॉलॉजी असा स्वतंत्र उपविषय आहे आणि स्वतःचे सायटेशन धरून व वगळून अशा दोन्ही रँक आहेत. वेब ऑफ सायन्सवाल्या क्लॅरिव्हेट कंपनीची हायली सायटेड यादी वेगळी, तिथे गॅस्ट्रोला वेगळा रकाना नाही, सगळे क्लिनिकल मेडिसिनमध्ये.

टिपण लिहिताना

एका पानात बसवा. माझं साधारण असं असतं: "स्कोपस, अमुक तारीख. पूर्ण पेपर ९४, ॲब्स्ट्रॅक्ट वगळून. पहिलं किंवा शेवटचं नाव ५१ मध्ये. एच २९, रिव्ह्यू-गाइडलाइन आणि स्वतःचे सायटेशन वगळून २३. मुख्य काम तीव्र पॅनक्रियाटायटिसमधल्या आहारावर, त्यातल्या दोन ट्रायलचे निष्कर्ष पुढच्या गाइडलाइनमध्ये आलेत. २०१७ ते २०१९ प्रकाशनं कमी, कारण विचारावं." इतकंच. विशेषणं घालायची नाहीत, "प्रख्यात" लिहिलं की समिती पुढचं वाचतच नाही.

आणि अंतिम करायच्या आधी पेपरांची यादी, फक्त यादी, संशोधकाला तपासायला पाठवा. बहुतेक जण त्याच दिवशी उत्तर देतात आणि राहून गेलेले दोन-तीन पेपर कळवतात. चुकून जास्तीचा आलेला पेपर स्वतःहून काढायला सांगणारा मला आतापर्यंत एकच भेटला, त्याच्या शेऱ्याच्या कॉलममध्ये मी तेही लिहून ठेवलं.